अंतर्गत लेखापरीक्षण विभागाचे स्वातंत्र्य : संकल्पना, अनुभव आणि कायद्यातील उणिवा

सारांश

कंपनीचा अंतर्गत लेखापरीक्षण विभाग ज्या व्यवस्थापनाच्या कामाची तपासणी करतो, त्याच व्यवस्थापनाच्या वेतनपत्रकावर असतो. या विसंगतीवर उपाय म्हणून विभागप्रमुखाने लेखापरीक्षण समितीला अहवाल द्यावा, असे सर्वत्र सांगितले जाते. हा उपाय आवश्यक असला तरी पुरेसा आहे काय, या प्रश्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. वर्ल्डकॉम आणि सत्यम या दोन प्रकरणांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, विभागाचे स्वातंत्र्य अहवाल कोणाकडे जातो यापेक्षा विभागाला काय तपासता येते आणि तपासल्याबद्दल त्याला कोण दूर करू शकते, या दोन गोष्टींवर अधिक अवलंबून असते. भारताच्या कंपनी कायदा, २०१३ ने अंतर्गत लेखापरीक्षण बंधनकारक केले. परंतु नेमक्या याच दोन बाबतींत त्याने लेखापरीक्षकाला संरक्षण दिलेले नाही.

बीजसंज्ञा : अंतर्गत लेखापरीक्षण, लेखापरीक्षण समिती, स्वातंत्र्य, कार्यकक्षा, कंपनी कायदा २०१३

१. प्रस्तावना

मोठ्या कंपनीत हिशेब लिहिणारे वेगळे, ते तपासणारे वेगळे आणि त्या तपासणीवर भरवसा ठेवून पैसा गुंतवणारे वेगळे असतात. गुंतवणूकदार कंपनीच्या कार्यालयात कधी पाऊल ठेवत नाही. त्याच्या हाती येतो तो छापील वार्षिक अहवाल. या अहवालामागे तपासणीच्या दोन यंत्रणा उभ्या असतात. पहिली वैधानिक लेखापरीक्षकाची. तो बाहेरचा असतो, भागधारकांच्या सभेत नेमला जातो आणि वित्तीय पत्रके सत्य व वाजवी चित्र दाखवतात किंवा नाही, यावर मत देतो. दुसरी यंत्रणा अंतर्गत लेखापरीक्षण विभागाची. तो कंपनीच्या आत बसून वर्षभर खरेदी, साठा, वेतन, कर्जवसुली, संगणक प्रणाली अशा प्रत्येक व्यवहाराची पद्धत तपासतो, तिच्यातील कच्चे दुवे शोधतो आणि सुधारणा सुचवतो.

वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत या दोन यंत्रणांमधील फरक तक्त्याच्या रूपाने दिलेला असतो. त्या तक्त्यातील एक ओळ अशी असते की, वैधानिक लेखापरीक्षक स्वतंत्र असतो, तर अंतर्गत लेखापरीक्षक हा कंपनीचा कर्मचारी असतो. विद्यार्थी ही ओळ पाठ करतात आणि विषय तेथेच संपतो. वास्तविक विषय तेथे सुरू व्हायला हवा. कर्मचारी असलेल्या व्यक्तीने आपल्याच वरिष्ठांच्या निर्णयांची परखड तपासणी करावी, अशी अपेक्षा बाळगणारी व्यवस्था कोणत्या अटींवर चालू शकते, हा या विषयाचा गाभा आहे.

२. संकल्पना आणि तिच्यातील अंतर्विरोध

अंतर्गत लेखापरीक्षणाला स्वतंत्र व्यवसायाचे रूप आले ते १९४१ साली अमेरिकेत अंतर्गत लेखापरीक्षकांच्या संस्थेची स्थापना झाल्यानंतर. प्रारंभी या कामाचे स्वरूप बाहेरच्या लेखापरीक्षकाचा भार हलका करणाऱ्या मदतनिसाचे होते. बिले पडताळणे, रोकड मोजणे, शाखांना भेटी देणे ही त्याची कामे होती. पुढे कंपन्यांचा पसारा वाढला, तसे या कामाचे क्षेत्रही विस्तारले. १९९९ साली या संस्थेने स्वीकारलेल्या व्याख्येत अंतर्गत लेखापरीक्षण हे स्वतंत्र व वस्तुनिष्ठ असे कार्य मानले गेले आणि त्याची दोन अंगे सांगितली गेली : एक, खात्री देण्याचे आणि दुसरे, सल्ला देण्याचे.

या व्याख्येतच एक अंतर्विरोध दडलेला आहे. सल्ला देणारा ज्याला सल्ला देतो त्याच्याशी विश्वासाचे नाते जोडतो. खात्री देणाऱ्याने त्याच माणसाच्या कामाकडे संशयाने पाहणे अपेक्षित असते. नवी खरेदी पद्धत बसवताना अंतर्गत लेखापरीक्षकाने मार्गदर्शन केले आणि पुढच्या वर्षी तीच पद्धत तपासण्याची वेळ त्याच्यावर आली, तर तो स्वतःच्याच कामाची परीक्षा घेत असतो. एन्रॉन कंपनीत या दोषाचे टोकाचे रूप दिसले. तेथे आर्थर अँडरसन ही संस्था वैधानिक लेखापरीक्षण करीत होती आणि १९९० च्या दशकात अंतर्गत लेखापरीक्षणाचे कामही तिच्याकडेच सोपवण्यात आले होते. तपासणीचे दोन स्तर कागदावर राहिले. प्रत्यक्षात डोळ्यांची जोडी एकच उरली.

स्वातंत्र्याचा विचार करताना व्यक्तीची वस्तुनिष्ठता आणि विभागाचे स्वातंत्र्य यांत भेद करणे आवश्यक ठरते. वस्तुनिष्ठता हा मनाचा गुण आहे. तो प्रशिक्षणाने आणि चारित्र्याने येतो. स्वातंत्र्य हा रचनेचा गुण आहे. तो नेमणूक, वेतन, अधिकार आणि संरक्षण यांतून येतो. भारतातील चर्चेत अनेकदा पहिल्या गुणावर भर दिला जातो आणि लेखापरीक्षकाने निर्भीड असावे, असा उपदेश करून दुसऱ्याची जबाबदारी टाळली जाते. निर्भीडपणाची किंमत लेखापरीक्षकाला नोकरी गमावून मोजावी लागत असेल, तर असा उपदेश करणारी व्यवस्था आपले काम दुसऱ्याच्या धैर्यावर ढकलते, असेच म्हणावे लागेल.

३. वर्ल्डकॉम : विभागाने मर्यादा ओलांडली तेव्हा

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातील क्लिंटन येथे मुख्यालय असलेल्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीचे प्रकरण अंतर्गत लेखापरीक्षणाचे यश म्हणून सांगितले जाते. विभागाच्या उपाध्यक्षा सिंथिया कूपर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००२ साली हा गैरव्यवहार उघडकीस आणला. त्या वर्षाच्या अखेरीस एका अमेरिकी साप्ताहिकाने वर्षातील महत्त्वाच्या व्यक्ती म्हणून ज्या तीन महिलांची निवड केली, त्यांत त्यांचा समावेश होता. तथापि, हे यश विभागाच्या रचनेचे होते की त्या रचनेवर मात करणाऱ्या काही व्यक्तींचे, हे तपासून पाहिले पाहिजे.

गैरव्यवहाराची पद्धत किचकट नव्हती. इतर दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या वापरल्याबद्दल वर्ल्डकॉमला जे शुल्क द्यावे लागे, तो निखळ महसुली खर्च होता. २००१ च्या पहिल्या तिमाहीपासून पाच तिमाही हा खर्च मालमत्ता म्हणून ताळेबंदात दाखवला गेला. ज्या वर्षी शंभर रुपये खर्च झाले, त्या वर्षीच्या नफ्यातून शंभर रुपये वजा न होता फक्त घसाऱ्याचा लहानसा हिस्सा वजा व्हावा, अशी ही युक्ती होती. जून २००२ मध्ये कंपनीने सुमारे ३.८ अब्ज डॉलरची चूक जाहीर केली. पुढील तपासात एकूण आकडा ११ अब्ज डॉलरच्या घरात गेला. जुलै २००२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला; अमेरिकेच्या इतिहासातील तोवरची ती सर्वांत मोठी दिवाळखोरी होती.

वित्तीय पत्रकांतील ही लबाडी अंतर्गत विभागाच्या दृष्टीस पाच तिमाही का पडली नाही? याचे उत्तर विभागाच्या कार्यकक्षेत सापडते. या विभागाचे मुख्य काम कार्यपद्धतींचे लेखापरीक्षण हे होते. खर्च कोठे वाचेल, वसुली कशी सुधारेल, दलाली योग्य दराने दिली जाते काय, असे प्रश्न तो हाताळत असे. वित्तीय पत्रकांची तपासणी हे बाहेरच्या लेखापरीक्षकाचे, म्हणजे आर्थर अँडरसनचे काम मानले जाई. प्रशासकीयदृष्ट्या विभाग मुख्य वित्तीय अधिकारी स्कॉट सुलिव्हन यांच्या अधिपत्याखाली होता. लेखापरीक्षण समितीशीही त्याचा संबंध होता, परंतु रोजचा कारभार वित्त विभागाच्या छत्राखाली चाले. ज्या अधिकाऱ्याच्या संमतीने आकडे बदलले जात होते, त्याच अधिकाऱ्याच्या हाताखालील विभागाला आकड्यांकडे पाहण्याचे काम दिलेले नव्हते. येथे कोणी कोणावर दबाव आणण्याची गरजच नव्हती. कार्यकक्षेची चौकट तेवढे काम करीत होती.

२००२ च्या वसंतात ही चौकट मोडली. बिनतारी सेवा विभागाच्या प्रमुखाने बुडीत येण्यांसाठी ठेवलेली सुमारे ४० कोटी डॉलरची तरतूद वित्त विभाग काढून घेत असल्याची तक्रार कूपर यांच्याकडे केली. त्यांनी वैधानिक लेखापरीक्षकांकडे विचारणा केली असता समाधानकारक उत्तर मिळाले नाही. विषय लेखापरीक्षण समितीपुढे गेला आणि सुलिव्हन यांना माघार घ्यावी लागली. यानंतर विभागाने भांडवली खर्चाची तपासणी हाती घेतली. जीन मोर्स या सहकाऱ्याने संगणक प्रणालीतील मूळ नोंदींपर्यंत पोहोचण्याचा मार्ग मिळवला आणि रात्री उशिरापर्यंत बसून आधार नसलेल्या नोंदींचा माग काढला. जूनमध्ये सुलिव्हन यांनी ही तपासणी पुढील तिमाहीपर्यंत लांबवावी, असे सुचवले. विभागाने ती लांबवली नाही. लेखापरीक्षण समितीचे अध्यक्ष मॅक्स बॉबिट यांच्याशी थेट संपर्क साधण्यात आला आणि काही दिवसांतच सर्व प्रकार उघड झाला.

या घटनाक्रमात कोणती रचना उपयोगी पडली आणि कोणती आड आली, हे स्पष्ट दिसते. समितीशी असलेला थेट संपर्क निर्णायक ठरला. तो नसता तर तपासणी सुलिव्हन यांच्या टेबलावरच थांबली असती. माहितीपर्यंत पोहोच दुसऱ्या क्रमांकाची ठरली. परंतु ती विभागाचा हक्क म्हणून मिळालेली नव्हती, ती खटपटीने मिळवावी लागली. कार्यकक्षा मात्र सुरुवातीपासून आड आली होती. समितीकडे जाणारी वाट त्याआधीही अस्तित्वात होती. पण त्या वाटेने नेण्यासारखे काही विभागाच्या हाती लागू शकत नव्हते, कारण तेथे त्याने पाहावे अशी अपेक्षाच नव्हती. वर्ल्डकॉमचा धडा म्हणून अहवाल कोणाकडे जावा, एवढीच गोष्ट सांगितली जाते तेव्हा या धड्याचा निम्माच भाग विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो.

अमेरिकेत या प्रकरणानंतर जुलै २००२ मध्ये सर्बेन्स-ऑक्सले कायदा आला. त्याने लेखापरीक्षण समितीला बळ दिले, अंतर्गत नियंत्रणांविषयी व्यवस्थापनाला उत्तरदायी केले आणि गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यांना संरक्षण दिले. न्यूयॉर्क शेअर बाजाराने नोंदणीकृत कंपन्यांवर अंतर्गत लेखापरीक्षणाचे बंधन घातले. मात्र ज्या नॅस्डॅक बाजारात वर्ल्डकॉमचे समभाग नोंदलेले होते, त्या बाजाराने असा नियम २०१३ साली प्रस्तावित केला आणि कंपन्यांच्या विरोधानंतर त्याच वर्षी मागे घेतला. खर्चाचे कारण पुढे आले की सुधारणा कोठे थांबतात, याचे हे उदाहरण बोलके आहे.

४. सत्यम : चौकट होती, पण आतून पोकळ

वर्ल्डकॉममध्ये विभागाने चौकट ओलांडली. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीत याच्या नेमके उलट घडले. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात, ताळेबंदातील रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली. ही कंपनी मुंबई व न्यूयॉर्क या दोन्ही ठिकाणच्या शेअर बाजारांत नोंदलेली होती. तिच्यावर भारतातील कलम ४९ चे आणि अमेरिकेतील सर्बेन्स-ऑक्सले कायद्याचे, असे दुहेरी बंधन होते. तिच्याकडे लेखापरीक्षण समिती होती, अंतर्गत लेखापरीक्षण विभाग होता, प्रतिष्ठित स्वतंत्र संचालक होते; आदल्याच वर्षी सुशासनाचा एक पुरस्कारही तिला मिळाला होता.

या प्रकरणात खोट्या विक्री-बिलांचा मोठा वाटा होता. ही बिले कंपनीच्या संगणक प्रणालीत नेहमीच्या वापरकर्त्याला दिसणार नाहीत, अशा रीतीने नोंदवलेली होती. बिलांची प्रणाली आणि हिशेबाची प्रणाली यांच्यात मेळ बसत नसल्याच्या खुणा अंतर्गत तपासणीत दिसू शकत होत्या. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेल्या दहा जणांत कंपनीचे अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुखही होते. पुढील महिन्यात अपिलाच्या टप्प्यावर शिक्षा स्थगित झाल्या. त्याआधी २०१४ साली सेबीनेही आपल्या आदेशाने राजू व इतरांसह त्यांच्यावर भांडवल बाजारात व्यवहार करण्यास बंदी घातली होती.

कुंपणानेच शेत खाल्ले, असे म्हणून हे प्रकरण मिटवता येण्यासारखे आहे. परंतु प्रश्न व्यक्तीपुरता नाही. भारतातील बहुसंख्य कंपन्यांत प्रवर्तक कुटुंबाचा प्रभाव असतो. अध्यक्ष, कार्यकारी संचालक आणि मोठा भागधारक या तीनही भूमिका एकाच घरात एकवटलेल्या असतात. स्वतंत्र संचालकांची नावे सुचवणारे, त्यांच्या नेमणुकीच्या ठरावावर मतदान करणारे आणि त्यांच्या पुनर्नियुक्तीचा विचार करणारेही बहुतांशी तेच असतात. अशा कंपनीत अंतर्गत लेखापरीक्षकाने व्यवस्थापनाला टाळून समितीकडे जावे, असे म्हणणे म्हणजे पुढच्या दाराने बाहेर पडून मागच्या दाराने त्याच घरात शिरणे होय. विखुरलेल्या भागधारणेच्या अमेरिकी कंपन्यांसाठी घडलेला उपाय प्रवर्तकप्रधान भारतीय कंपन्यांत तसाच लागू पडेल, हे गृहीतक म्हणूनच तपासून घ्यावे लागते.

५. भारतीय कायदा : कर्तव्य दिले, कवच दिले नाही

कंपनी कायदा, १९५६ मध्ये अंतर्गत लेखापरीक्षणाची थेट सक्ती नव्हती. केंद्र सरकारच्या आदेशांनुसार वैधानिक लेखापरीक्षकाने कंपनीच्या आकारमानाला साजेशी अंतर्गत लेखापरीक्षण व्यवस्था आहे काय, यावर भाष्य करायचे, एवढीच अप्रत्यक्ष तरतूद होती. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३८ ने प्रथमच थेट बंधन घातले. २०१४ च्या नियमांनुसार सर्व नोंदणीकृत कंपन्यांना ते लागू होते. नोंदणी नसलेल्या सार्वजनिक कंपनीच्या बाबतीत भरणा झालेले भांडवल ५० कोटी रुपये, उलाढाल २०० कोटी, थकित कर्जे १०० कोटी किंवा ठेवी २५ कोटी यांपैकी कोणतीही मर्यादा गाठली तर ते लागू होते. खासगी कंपनीच्या बाबतीत उलाढाल आणि कर्जे हे दोन निकष आहेत. अंतर्गत लेखापरीक्षक सनदी लेखापाल, परिव्यय लेखापाल किंवा संचालक मंडळ ठरवील तो अन्य व्यावसायिक असू शकतो. तो कंपनीचा कर्मचारी असो वा नसो. कलम १४४ ने वैधानिक लेखापरीक्षकाला त्याच कंपनीचे अंतर्गत लेखापरीक्षण करण्यास मनाई केली. एन्रॉनसारखी गत होऊ नये, यासाठी ही तरतूद मोलाची आहे.

तथापि, याच कायद्यात वैधानिक लेखापरीक्षकाला काय दिले आणि अंतर्गत लेखापरीक्षकाला काय दिले, याची तुलना केली की मोठी तफावत जाणवते. वैधानिक लेखापरीक्षकाची नेमणूक कलम १३९ नुसार भागधारकांच्या सभेत होते. अंतर्गत लेखापरीक्षकाची नेमणूक संचालक मंडळ करते. पहिल्याला मुदतीपूर्वी दूर करायचे असेल तर कलम १४० नुसार केंद्र सरकारची पूर्वसंमती आणि विशेष ठराव लागतो; दुसऱ्याला दूर करण्याविषयी कायदा काहीच म्हणत नाही. पहिल्याला कलम १४३ नुसार कंपनीची पुस्तके व प्रमाणके केव्हाही पाहण्याचा वैधानिक हक्क आहे; दुसऱ्याला मिळणारी माहिती ही त्याच्या कार्यकक्षेवर, म्हणजेच कंपनीच्या मर्जीवर अवलंबून आहे. लेखापरीक्षण समितीपुढे लेखापरीक्षा अहवालाचा विचार होताना पहिल्याला म्हणणे मांडण्याचा हक्क कलम १७७ ने दिला आहे. दुसऱ्याच्या बाबतीत समिती त्याच्याशी चर्चा करू शकते, एवढेच म्हटले आहे. पहिला अपात्र केव्हा ठरतो, याची सविस्तर यादी कलम १४१ मध्ये आहे. प्रवर्तकाचा नातेवाईक अंतर्गत लेखापरीक्षक होऊ शकतो काय, या प्रश्नावर कलम १३८ मौन पाळते. कलम १४३ खालील गैरव्यवहार कळवण्याचे बंधनही वैधानिक लेखापरीक्षकावर आणि त्याच्या जोडीने परिव्यय लेखापरीक्षक व सचिवीय लेखापरीक्षकावर आहे. वर्षभर कंपनीच्या आत वावरणाऱ्या अंतर्गत लेखापरीक्षकावर ते नाही.

ही शेवटची बाब वरवर पाहता लेखापरीक्षकाला सवलत वाटते. प्रत्यक्षात ती त्याला दुबळी करते. एखादी गोष्ट कळवणे कायद्यानेच भाग असेल, तर व्यवस्थापनासमोर असहायतेचे का होईना, एक उत्तर त्याच्यापाशी असते. असे बंधन नसेल तर कळवणे ही त्याची वैयक्तिक निवड ठरते आणि त्या निवडीचे परिणामही वैयक्तिक राहतात.

कार्यकक्षेविषयीचा नियम याहून अधिक चिंतनीय आहे. अंतर्गत लेखापरीक्षणाची व्याप्ती, कार्यपद्धती, कालावधी आणि तपासणीची रीत ही लेखापरीक्षण समितीने किंवा संचालक मंडळाने अंतर्गत लेखापरीक्षकाशी सल्लामसलत करून ठरवावी, असे २०१४ चा नियम सांगतो. येथील 'किंवा' हा शब्द महत्त्वाचा आहे. समितीऐवजी मंडळ ही कक्षा ठरवू शकते आणि मंडळात व्यवस्थापनाचे सदस्य बसलेले असतात. व्याप्तीची किमान मर्यादा कायद्याने आखलेली नाही. संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार, ताळेबंदाच्या तारखेच्या आसपास केलेल्या समायोजन नोंदी किंवा बँक शिलकीची स्वतंत्र पडताळणी या बाबी वगळूनही एखादी कंपनी कलम १३८ चे पूर्ण पालन करू शकते. वर्ल्डकॉममध्ये जी चौकट आड आली, ती चौकट उभारण्याची मुभा भारतीय नियमाने अशा प्रकारे दिलेली आहे.

सेबीने २०१५ साली केलेल्या विनियमांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. नोंदणीकृत कंपन्यांच्या लेखापरीक्षण समितीने विभागाची रचना, मनुष्यबळ, प्रमुखाची ज्येष्ठता आणि तपासणीची व्याप्ती यांचा आढावा घ्यावा, अशी अपेक्षा त्यांत आहे. मात्र अंतर्गत लेखापरीक्षकाने समितीला थेट अहवाल देण्याची बाब या विनियमांच्या ऐच्छिक तरतुदींच्या यादीत घालण्यात आली. ज्या तत्त्वावर सर्व पाठ्यपुस्तकांचे एकमत आहे, ते तत्त्व नियमकर्त्याने ऐच्छिक मानावे, यातून या विषयाकडे पाहण्याची दृष्टी कळते. शिवाय नोंदणी नसलेल्या कंपन्यांना हे विनियम लागूच होत नाहीत. कलम १३८ च्या उल्लंघनासाठी स्वतंत्र शिक्षा नसल्यामुळे कलम ४५० ची सर्वसाधारण तरतूद लागू होते आणि तेथे कंपनीवरील दंडाची कमाल मर्यादा २ लाख रुपये आहे. २०० कोटींच्या उलाढालीच्या कंपनीला हा आकडा धाक वाटावा, अशी अपेक्षा करणे कठीण आहे.

बँकिंग क्षेत्रात रिझर्व्ह बँकेने अधिक स्पष्ट भूमिका घेतली. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेतून दिलेल्या हमीपत्रांच्या आधारे झालेला पंजाब नॅशनल बँकेतील गैरव्यवहार उघड झाला. परदेशी संदेशवहनाची स्विफ्ट प्रणाली बँकेच्या मुख्य हिशेब प्रणालीशी जोडलेली नव्हती. त्यामुळे हमीपत्रे परदेशात पोहोचली तरी शाखेच्या हिशेबात त्यांचा मागमूस नव्हता. हिशेबाच्या वह्या पाहणाऱ्या तपासणीला वह्यांत नसलेला व्यवहार दिसणार कसा? येथेही मूळ प्रश्न पुन्हा कार्यकक्षेचाच होता. २०२१ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने बँकांच्या अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुखाला पुरेशी दीर्घ, शक्यतो तीन वर्षांची मुदत असावी, व्यवसाय विभागांशी त्याचे अहवालाचे नाते नसावे आणि त्याला व्यवसायाचे उद्दिष्ट देऊ नये, असे निर्देश दिले. पदाची मुदत निश्चित करणे हा संरक्षणाचाच एक प्रकार आहे. कंपनी कायद्यात तो अद्याप आलेला नाही.

६. आक्षेप आणि त्यांचा विचार

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अंतर्गत लेखापरीक्षण हे मूलतः व्यवस्थापनाचे साधन आहे. त्याला वैधानिक लेखापरीक्षकासारखे कवच दिले तर तो पोलीस बनेल, विभागातील कर्मचारी त्याच्यापासून माहिती लपवतील आणि सुधारणेचे मूळ काम मागे पडेल. या आक्षेपात तथ्य आहे. वर्ल्डकॉममध्येही तक्रार आली ती एका विभागप्रमुखाकडून आणि ती आली कारण लेखापरीक्षण विभागाशी बोलता येत होते. परंतु विश्वासाचे हे नाते संरक्षण काढून घेतल्याने टिकत नाही. ज्याला उद्या हटवले जाईल, त्याच्याकडे तक्रार करण्यास कोणी धजावत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. मध्यम आकाराच्या खासगी कंपनीवर नियमांचे ओझे किती लादावे, हा प्रश्न रास्त आहे. तथापि, येथे सुचवलेल्या गोष्टींना फारसा खर्च नाही. मुदत निश्चित करणे, हटवण्याची कारणे लेखी नोंदवणे आणि व्याप्तीतून वगळलेल्या बाबी जाहीर करणे यांसाठी नवे मनुष्यबळ लागत नाही.

७. निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, अंतर्गत लेखापरीक्षण विभागाचे स्वातंत्र्य संघटन तक्त्यावरील एका रेषेने सिद्ध होत नाही. ती रेषा लेखापरीक्षण समितीकडे जात असेल, तरी विभागाने काय पाहावे हे व्यवस्थापन ठरवीत असेल आणि विभागप्रमुखाचे पद त्याच्या मर्जीवर टिकून असेल, तर समितीच्या टेबलावर येणारा अहवाल निरुपद्रवीच असेल. म्हणून पुढील सूचना विचारार्ह वाटतात. कार्यकक्षा ठरवण्याचा अधिकार, जेथे लेखापरीक्षण समिती आहे तेथे, केवळ तिच्याकडेच असावा. संबंधित पक्षांचे व्यवहार, वर्षअखेरच्या समायोजन नोंदी आणि रोख व बँक शिलकीची पडताळणी यांचा किमान व्याप्तीत समावेश असावा. एखादी बाब वगळल्यास तिचा उल्लेख संचालकांच्या अहवालात व्हावा. विभागप्रमुखाला निश्चित मुदत असावी आणि मुदतीपूर्वी त्याला दूर केल्यास कारण भागधारकांना कळवले जावे. माहिती पाहण्याचा हक्क कायद्यात लिहिलेला असावा. गंभीर गैरव्यवहार समितीला लेखी कळवण्याचे बंधन त्याच्यावर असावे आणि ते पाळल्याबद्दल त्याला संरक्षण मिळावे. प्रवर्तकाच्या नातेवाइकांस या पदासाठी अपात्र ठरवावे.

वाणिज्य विषयाच्या अध्यापनाच्या दृष्टीनेही यातून काही निष्पन्न होते. अंतर्गत लेखापरीक्षक कर्मचारी असतो, ही तक्त्यातील ओळ विद्यार्थ्यांना सांगताना, त्या कर्मचाऱ्याला कोणत्या वह्या उघडण्याची मुभा आहे आणि उघडल्यावर त्याचे काय होते, हे दोन प्रश्नही वर्गात विचारले जावेत. यांतील अनेक विद्यार्थी उद्या याच विभागांत नोकरीला लागणार आहेत. त्यांच्यापैकी एखाद्यासमोर तपासणी पुढच्या तिमाहीपर्यंत लांबवण्याची सूचना येईल, तेव्हा त्याच्या पाठीशी केवळ त्याचे धैर्य असू नये, कायदाही असावा.